एकसष्ट नंबरच्या पुढचे बिल्ले

सांडू अप्पाराव दांडगे रिटायर झाले त्या दिवशी कंपनीने त्यांना शाल, नारळ आणि दहा ग्रॅमचं चांदीचं नाणं दिलं. नाण्यावर लक्ष्मी होती. मॅनेजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, फोटोवाला "इकडं बघा" म्हणाला, आणि सांडू अण्णा मात्र नाण्याकडेच बघत राहिले. त्यांनी खिशातून भिंग काढलं, नाणं उजेडाकडे तिरपं धरलं आणि मग अदबीने साहेबांच्या हातात परत दिलं. म्हणाले, "साहेब, डाय झिजलेली हाय. लक्ष्मीला नाकच आलेलं नाय. ह्यो माल परत करा."

फोटो नेमका त्याच वेळी निघाला. साहेबांचा जबडा खाली, अण्णांचा हात पुढे, मधे बिननाकाची लक्ष्मी. मुकुंदवाडीच्या गल्ली नंबर सहात अण्णांच्या घरी तो टीव्हीच्या वर लावलेला आहे. अण्णांच्या बायको कडूबाई यांनी तो तीनदा उतरवला आणि अण्णांनी तीनदा लावला. चांदी हातची गेली याचं दुःख कडूबाईंना आहे, आणि टीव्ही लावला की ते ताजं होतं.

तसा अण्णांचा इलाज नव्हता. चिकलठाण्याच्या एका प्रेसशॉपात त्यांनी तेहेतीस वर्षं टूलरूम सांभाळली. प्रेसशॉप म्हणजे पत्र्यावर ठसा मारून वायसर, क्लिपा, बिजागऱ्या काढायचा कारखाना. त्या पोलादी ठशाला म्हणायचं डाय. डाय नवी असते तेव्हा माल कोरीव निघतो. लाखभर ठोके खाल्ले की तिच्या कडा झिजतात, माल गुबगुबीत यायला लागतो, आणि मग कुणीतरी हात वर करून "थांबवा" म्हणावं लागतं. तो हात अण्णांचा. खराब नग लाल पेटीत टाकायचा, आणि लाल पेटीतला नग कुणाच्या बापालाही पुढे नेऊ द्यायचा नाही. तेहेतीस वर्षांत आपल्या हातून एकही खराब नग पुढे गेला नाही, असं अण्णा सांगत. जेवताना सांगत, लग्नाच्या पंगतीत सांगत, दवाखान्यात नंबर लावून बसले तर शेजारच्या पेशंटला सांगत. रक्तदाब मोजायला आलेल्या नर्सबाईलाही त्यांनी ते पट्टा फुगेपर्यंत सांगितलं होतं.

रिटायर झाल्यावर हात वर करायला जागा उरली नाही. मग अण्णा बिस्किटांकडे वळले. पुड्यातली अक्षरं नीट न उमटलेली बिस्किटं ते बाजूला काढून ठेवत. गणपतीच्या दिवसांत मूर्तींच्या स्टॉलवर जाऊन "साचा बदला, सोंड मऊ यायली" असं सांगून आले, तेव्हा स्टॉलवाल्याने त्यांना हाकललं. इडलीपात्राच्या सोळा खळग्यांपैकी तीन त्यांनी बाद ठरवले. कडूबाईंनी त्याच तीन खळग्यांतल्या इडल्या त्यांच्या ताटात वाढायला सुरुवात केली, तेव्हा कुठे तो विषय मिटला.

मग एका दुपारी शहागंजहून सिटी बसने येताना कंडक्टरने त्यांना दोन रुपयांचं नाणं परत दिलं. अण्णांनी सवयीने त्यावरून अंगठा फिरवला आणि खिशातून भिंग काढलं. सिंहांचे चेहरे मऊ होते. 'भारत' ही अक्षरं कडेच्या बाजूला सुजलेली होती आणि त्यांच्या मागे एक पुसट सावली उभी होती, म्हणजे वाचायला गेलं तर भारत दोनदा. मोकळ्या जागेत मधून कडेकडे बारीक रेघा गेल्या होत्या. धातू हजारो ठोक्यांनी कडेकडे सरकत राहतो आणि जाता जाता डायमधल्या अक्षरांच्या कडा खरवडत नेतो, त्याची ही खूण.

"परत घ्या," अण्णा कंडक्टरला म्हणाले.

"खोटं हाय का?"

"खोटं नाय. खरं हाय. पण रिजेक्ट हाय."

"मग मी काय करू? सरकारला लावून देऊ?" कंडक्टरने विचारलं आणि घंटी मारली.

अण्णांनी नाणं घरी आणलं आणि फरसाणाच्या रिकाम्या डब्याला लाल रंग दिला. त्या दिवसापासून झिजलेल्या डायचं एकही नाणं त्यांच्या हातून पुढे गेलं नाही. दसऱ्यापर्यंत डब्यात तीनशे चाळीस रुपये जमले. म्हणजे अण्णांच्या हिशेबाने जमले. कडूबाई त्यातूनच दूध आणि कोथिंबीर आणत होत्या. नाणी लाल डब्यातून दूधवाल्याकडे जात, दूधवाल्याकडून किराणा दुकानात, तिथून अण्णांच्या खिशात. सिंहाच्या पंजाखाली बारीक भेग असलेलं एक नाणं अण्णांनी चार वेळा बाद केलं. टांकसाळीची परिस्थिती झपाट्याने बिघडत चालली आहे, असं त्यांचं मत झालं.

या माणसाची एक खोड गल्लीत कुणाला उलगडली नव्हती. दळण घेऊन ते कायम भल्या सकाळी जायचे. गिरणी रत्नमालाबाई साळवे यांची, गल्लीच्या तोंडाशीच. तिथे पितळी बिल्ले होते, एक ते शंभर. प्रत्येक नंबराचे दोन, एक डब्यावर ठेवायचा, एक गिऱ्हाइकाने न्यायचा. रोज सकाळी एकपासून सुरुवात व्हायची, सणासुदीला दहा वाजताच साठच्या पुढे आकडा जायचा. अण्णा साठच्या आत नंबर लागेल अशा बेताने जात. उशीर झाला तर डबा तसाच घेऊन परत येत आणि दुसऱ्या दिवशी जात. त्यापायी दोनदा घरात भाताचं जेवण झालं. सकाळी जातं थंड असतं, पीठ करपत नाही, असं ते सांगत. लोकांना ते पटतही होतं, कारण तेहेतीस वर्षं खराब नग पुढे न गेलेला माणूस ते सांगत होता.

दिवाळीच्या आधी गल्लीत ते व्हिडिओ आले. आणले कृष्णाने. कृष्णा गिरणीसमोर चहाची टपरी चालवतो आणि गिऱ्हाइकाला चहाबरोबर मोबाइलवरचं ज्ञानही देतो. व्हिडिओत एक माणूस दोन रुपयांचं नाणं दाखवून ओरडत होता की 'डबल भारत' असलेलं हे नाणं तुमच्या घरात असेल तर तुम्ही नऊ लाखांचे मालक आहात. खाली फोन नंबर होता.

रत्नमालाबाईंनी गल्ल्यातली चिल्लर उपसली आणि तिसऱ्याच मिनिटाला त्यांना डबल भारत सापडला. एवढ्या लवकर सापडली ती वस्तू दुर्मिळ कशी, हा प्रश्न कुणालाही पडला नाही. फोन लावला. पलीकडे इंद्रजीतसाहेब होते, मुंबईचे, बोलायला अगदी मधाळ. त्यांनी फोटो मागवला आणि कळवलं, "मॅडम, आपका कॉइन सिलेक्ट हो गया है." नऊ लाख तयार होते. फक्त नोंदणीचे एकवीस हजार पाचशे आधी भरायचे होते, शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत.

रत्नमालाबाई काही भोळ्या नव्हत्या. नवरा गेल्यावर आठ वर्षं एकटीने गिरणी चालवलेली बाई. गव्हात ज्वारी मिसळून दिली असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी पीठ तोंडात टाकायला लावून खोटं पाडलं होतं. पण गिरणीची मोटर दोनदा जळाली होती, आता तिच्यातून धूर निघत होता, आणि बिडकीनच्या एका बंद गिरणीची मोटर त्यांनी बावीस हजारांत ठरवली होती. ते बावीस हजार पिठाच्या रिकाम्या डब्यात होते, सोमवारी मोटर यायची होती. ती आली नाही तर गिरणी बंद, आणि गिरणी बंद तर घर कशावर चालणार? पण तेच पैसे आधी इंद्रजीतसाहेबांना धाडले तर नऊ लाखांत मोटरच काय, शेंद्र्याला नवी गिरणी टाकता येईल, असं त्यांनी मनाशी मांडलं.

बुधवारी त्यांनी अण्णांना बोलावलं. गल्लीत भिंग असलेला माणूस तेवढा एकच.

अण्णांनी नाणं उजेडाला धरलं. दहा सेकंदही लागले नाहीत. "वहिनी, डाय झिजलेली हाय. सावली पडली म्हून दोनदा दिसायलं. असली लाखो निघाली असतील."

"मग किंमत?"

"दोन रुपये."

रत्नमालाबाईंनी अण्णांकडे जरा वेळ पाहिलं. मग नाणं अलगद त्यांच्या हातातून काढून घेतलं, कापसात गुंडाळलं आणि कुंकवाच्या डबीत ठेवलं. "बरं झालं तुमाला इकलं नाय," त्या म्हणाल्या.

अण्णांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते मुळापासून हादरले. दोन रुपयांच्या नाण्याला दोन रुपये किंमत सांगितली, तर बाई म्हणते हा भाव पाडतोय! त्यांनी समजावलं की हा इंद्रजीत लबाड आहे. त्यावर बाईंनी मोबाइलवर आलेलं निवडीचं पत्र दाखवलं, शिक्क्यासकट. अण्णांनी शिक्का मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "शिक्काबी झिजलेला हाय." याने काहीच सिद्ध झालं नाही, उलट कृष्णा हसला.

एखादी गोष्ट मान्य होत नसली तर टूलरूममध्ये नमुने दाखवत. एक नग वाईट निघाला तर योगायोग, शंभर निघाले तर डाय वाईट. अण्णांनी ठरवलं, याच डायची आणखी नाणी गोळा करून बाईंपुढे ओतायची. ते गुरुवारी सकाळी शहागंजात सुटे पैसे देणाऱ्याकडे गेले आणि दोन हजार रुपयांची दोन-दोनची नाणी मागितली.

"कायकू होना चाचा इत्ते सिक्के?" त्याने विचारलं.

"बघायला," अण्णा म्हणाले.

त्याने जास्त काही विचारलं नाही. पोतडी बांधून दिली आणि कमिशन थोडं वाढवून घेतलं.

अण्णांनी हजार नाणी गच्चीवर कडूबाईंच्या पापडाच्या प्लास्टिकवर पसरली. दुपारभर उन्हात, डोक्याला पंचा, डोळ्याला भिंग. झिजलेल्या डायची दोनशे अकरा निघाली. त्यातली चौदा तर रत्नमालाबाईंच्या नाण्याची सख्खी भावंडं होती. 'भारत'मधल्या 'र'च्या शेपटीला तोच फुगवटा, कडेला तोच खड्डा. अण्णांना एवढा आनंद झाला की ते गच्चीवर एकटेच "घावले!" असं ओरडले.

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने ते ऐकलं. तिथून पुढे दीड तासात गल्लीतला व्यवहार बंद पडला. कुणी कुणाला दोनचं नाणं देईना. किराणा दुकानदार सुट्ट्याच्या जागी लवंगा द्यायला लागला. भाजीवाली म्हणाली, दोन रुपये राहू द्या, पण नाणं असेल तर दाखवा. सांडू अण्णा पोतं भरभरून डबल भारत उचलायलाय, ही बातमी पार रेल्वे गेटापर्यंत गेली आणि चार वाजता अण्णांच्या दारात रांग लागली. प्रत्येकाच्या मुठीत नाणं.

"दोन रुपये," अण्णा पहिल्याला म्हणाले.

"पन्नास द्या."

"दोन रुपयाचं नाणं पन्नासला कामून घेऊ म्या?"

"मग तुमच्यातलं एक मला दोनशेला द्या."

"दोनशेला नाय. दोन रुपयाला देतो. घ्या, घेऊन जा."

माणूस दोन पावलं मागे सरकला. इतक्या स्वस्तात देतोय म्हणजे खराब असणार, आणि चांगली आत ठेवली असणार, हे त्याने ओळखलं. रांगेतही लगेच तेच कुजबुजलं गेलं. अण्णांनी चौदा नाणी तळहातावर धरून "दोन-दोन रुपये, कुणीबी घ्या" असं कळवळून सांगितलं, पण एकाही माणसाने हात पुढे केला नाही. पाचशे द्यायला तयार होते, दोन द्यायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी ती चौदा नाणी त्यांनी रत्नमालाबाईंपुढे ओतली. "बघा. एकाच दिवसात चौदा. एकाच डायची. आता तरी पटलं का?"

बाईंनी चौदाही नाणी न्याहाळली. मग शांतपणे विचारलं, "अण्णा, दिवसभर उन्हात बसून बिनकिमतीची वस्तू कोण जमा करतं?"

या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते घरी आले आणि लाल डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

आणि खरं सांगायचं तर उत्तर होतं. गेले दोन दिवस होतं. ते गिरणीतच, पत्र्याच्या डब्यात, एकसष्ट नंबरपासून पुढे ठेवलेलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी रत्नमालाबाईंचे मालक, कारभारी साळवे, यांनी गिरणी टाकली तेव्हा ते अण्णांकडे आले होते. "अण्णा, बिल्ले करून द्या. तुमच्या हातचे पाहिजेत." अण्णांनी भंगारातला पोलादाचा तुकडा घेऊन त्यात 'साळवे गिरणी' कोरलं. इथवर ठीक. पण डाय भट्टीत लाल करून कडक करावी लागते, आणि खासगी काम कंपनीच्या भट्टीत घालायला अण्णा घाबरले. त्यांनी ती घरच्या गॅसवर तापवली आणि शेंगदाण्याच्या तेलात बुडवली. गॅसच्या आचेला कितीसं बळ असणार? डाय मऊच राहिली. जेवणाच्या सुट्टीत हातप्रेसवर ठोके मारायला बसले. साठ नंबरापर्यंतच्या जोड्या बऱ्या आल्या. एकसष्टच्या ठोक्याला अक्षरं सुजली, 'साळवे'च्या मागे सावली पडली. तिथे हात वर करायचा होता. पण समोर पितळेचे गोल कापून ठेवले होते, कारभारी गेटवर थांबले होते, भोंगा व्हायला आला होता. अण्णांनी उरलेल्या चाळीस जोड्या तशाच मारल्या.

आठवड्याने कारभारींनी भोळेपणाने विचारलं, "अण्णा, ह्या पुढच्या बिल्ल्यांवर नाव दोनदा दिसायलं." अण्णा म्हणाले, "पीठ बसलंय अक्षरांच्या कडंला. चिंचेनं घासा."

कडूबाई पायरीवर येऊन शेजारी बसल्या. मग कडूबाई म्हणाल्या, "तिला सांगा की, तुमी आपल्या गॅसवर काय तळलं होतं ते."

अण्णांनी चमकून पाहिलं. "तुला ठाव हाय?"

"अवो, लिटरभर तेल गेलं माझं. लोखंडाचा वास मारत होतं. आन् तुमी साठच्या पुढचा बिल्ला घ्यायला भिता, हे मला कळत नाय व्हय?"

अण्णांना लाज वाटली. तेहेतीस वर्षांचं ते एक वाक्य सोडलं तर त्यांच्याजवळ दाखवण्यासारखं काय होतं? ना चांदीचं नाणं होतं, ना फंडाची मोठी रक्कम. ते वाक्य मोडलं तर उद्या कंडक्टरला काय सांगायचं, नर्सबाईला काय सांगायचं. रात्रभर त्यांना डोळा लागला नाही.

शुक्रवारी दुपारी चारला ते गिरणीत गेले. रत्नमालाबाई भुवयांपर्यंत पिठात होत्या. कृष्णा मोबाइल घेऊन बसला होता, पैसे तोच पाठवणार होता. बावीस हजारांचा डबा पट्ट्याजवळ उघडा होता.

"वहिनी, सत्त्याऐंशी नंबरचा बिल्ला द्या," अण्णा म्हणाले.

"दळण कुठंय?"

"दळण नाय. बिल्ला द्या, आन् तुमचं ते नाणं."

बाईंनी कुरकुरत कुंकवाची डबी काढली. अण्णांनी नाणं आणि बिल्ला शेजारी शेजारी ठेवले आणि भिंग बाईंच्या हातात दिलं. बाईंनी वाकून पाहिलं. एकदा 'भारत', एकदा 'साळवे'. तीच सूज, तीच सावली, त्याच बारीक रेघा कडेकडे गेलेल्या.

"अगं बया! सेम हाय की," त्या म्हणाल्या.

"सेमच असणार. रोग एकच हाय."

रत्नमालाबाईंनी हळूच मान वर केली. "म्हंजी आमच्या बिल्ल्यांलाबी नऊ लाख येतील?"

"चाळीस जोड्या हायत," कृष्णा म्हणाला आणि मोबाइलवर गुणाकार करायला लागला.

अण्णांनी कपाळाला हात लावला. आता पळवाट उरली नव्हती. "नाय येणार," ते ओरडलेच. "एक रुपया येणार नाय. कारण ती डाय म्या केली व्हती. कच्ची केली व्हती. साठाला झिजली, मला दिसलं, आन् म्या प्रेस थांबवली नाय. चाळीस रिजेक्ट जोड्या तुमच्या मालकाच्या हातात दिल्या. वहिनी, ते पीठ नव्हतं."

पट्ट्याचा आवाज चालू होता, म्हणून बाईंना वाटलं नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मोटर बंद केली. जातं घरघरत थांबलं.

"काय नव्हतं?"

"पीठ. बिल्ल्यांवर पीठ कधीच नव्हतं."

रत्नमालाबाई खाली पोत्यावर बसल्या. त्यांनी सत्त्याऐंशी नंबरचा बिल्ला हातात घेतला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला.

"एकोणीस दिवाळ्या," त्या म्हणाल्या. "दर दिवाळीला चिंच भिजू घालायची आन् हे घासत बसायचं. पोरं हसायची. शेवटच्या साली ह्यांना बसवत नव्हतं, तरी खाटंवर बसून घासले. म्या म्हटलं, जाऊ द्या, नाय निघत. तर म्हणले, सांडू अण्णानं सांगितलंय पीठ हाय, म्हंजी पीठच असणार. आपलंच घासणं कमी पडतंय."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही. कृष्णाने मोबाइल खिशात ठेवला.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. इंद्रजीतसाहेब होते, वेळेची आठवण करून द्यायला. बाईंनी नाक पुसलं आणि फोन कानाला लावला. "साहेब, नाणं दोन रुपयाचं हाय. दोन रुपयाला पाहिजे तर मुकुंदवाडीला या. येताना दळण घेऊन या, सोमवारी नवी मोटर बसायलीय." आणि फोन ठेवला.

मग त्यांनी कापसातलं नाणं गल्ल्यात टाकलं. ज्वारीचं दळण न्यायला आलेल्या एका पोक्त बाईला दोन रुपये परत द्यायचे होते, ते त्यांनी तेच दिलं. अण्णांचा हात सवयीने अर्धा वर आला. मग त्यांनी तो खाली घेतला. डबल भारत बाईच्या कनवटीला जाऊन बसला.

"निघू मी?" अण्णांनी विचारलं.

"कुठं निघता?" रत्नमालाबाई आत गेल्या आणि घमेलं घेऊन आल्या. घमेल्यात चिंच कोळलेलं पाणी होतं, परवाच भिजत घातलेली, दिवाळी तोंडावर आली होती ना. त्यांनी पत्र्याचा डबा उपडा केला. एकसष्ट ते शंभर, जोड्याच्या जोड्या, ऐंशी बिल्ले पाण्यात पडले. "बसा. घासा."

"वहिनी, हे निघणार नाय. कितीबी घासलं तरी–"

"आमाला कुठं ठाव व्हतं?" बाई म्हणाल्या.

अण्णा बसले. बाह्या वर केल्या आणि एकसष्ट नंबरला हात घातला. बोळ्याने घासलं, नखाने घासलं, धुऊन पुढे केला. येणारी जाणारी गिऱ्हाइकं थांबून बघत होती. एकाने कृष्णाला विचारलं, हे बिल्ले काय भावाने चाललेत. कृष्णाने त्याला हातानेच गप्प केलं.

रत्नमालाबाईंनी अण्णांचं भिंग डोळ्याला लावलं, बिल्ला उजेडाकडे तिरपा धरला आणि बराच वेळ पाहिला. साळवे, आणि त्याच्या मागे साळवे.

"रिजेक्ट," त्या म्हणाल्या आणि बिल्ला घमेल्यात परत टाकला.

अण्णांनी तो पाण्यातून शोधून काढला आणि पुन्हा घासायला घेतला.